दगडाच्या सोंडा

घणकाकूने घण उचलून ऐरणीवरच्या लाल पहारीवर आणला आणि आवाज दोन आले. एक हातातला, रोजच्या ओळखीचा. दुसरा पाठीमागून, जड आणि ओला, उंचावरून चिखलाचं पोतं सोडावं तसा. लोहाराने सांडशीतली पहार न सोडता मान वळवली. भट्टीमागची भिंत जागेवर नव्हती. तिच्या जागी लख्ख उजेड होता आणि उजेडाखाली नदी.

"कोळसा गेला," लोहार म्हणाला.

नुसता कोळसा नव्हे, कोळशाची अख्खी खोली गेली होती. पाण्यावर काळी पट्टी लांबत चालली होती. मागच्या दाराची चौकट उभीच्या उभी तरंगत निघाली होती आणि तिच्या कडीला काकूचा फडका अजून अडकलेला होता.

"पहार गार होतेय," काकू म्हणाली. "ती आधी पुरी करू. मग बघू काय राहिलं ते."

लोहाराने पहार पुन्हा ऐरणीवर टेकवली. काकूचा घाव बरोबर टोकावर बसला.

तिला घणकाकू हे नाव आळीनेच दिलेलं. नवऱ्याची, म्हणजे लोहाराची, कंबर गेली तेव्हापासून तो बसून सांडशी धरायचा, हातोडीने जागा दाखवायचा, आणि घण घालायची ती. दंड असे झाले होते की शेजारचा शिंपी तिचं पोलकं शिवताना दर वेळी विचारायचा, "काकू, माप तुमचंच ना? का लोहाराचं घेऊन आलात?"

काठावरच्या त्या आळीत सगळी हातावर जगणारी माणसं. एकेकाळी नदी त्यांच्यापासून लांबून, सरळ वाहायची. मग वरच्या अंगाला तिने कूस बदलली आणि वळण घेऊन आळीकडे झुकली. दर पावसाळ्यात काही ना काही न्यायची. आधी पायवाट नेली, मग धुण्याच्या पायऱ्या, मग शिंप्याची मागची पडवी. आळीने वाळूची पोती टाकून पाहिली, विटांचे तुकडे टाकले, एका मोडक्या ट्रकचा सांगाडाही ढकलला. नदीने सगळं गिळलं आणि ढेकरही दिला नाही.

भट्टीला लागूनच काकूच्या सासूची खोली होती. त्या आत्याबाई. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. भिंत पडल्यावर सगळ्यांनी त्यांना पुढच्या खोलीत हलायला सांगितलं, तर म्हणाल्या, "मी नाही हलायची. नदी आली तर तिला सांगेन, पाय पुसून आत ये."

आणि नदीपलीकडे, अगदी समोर, काकूचं माहेर. तिचा दादाही लोहारच. लग्न होऊन ती काय लांब गेली होती? होडीत बसली आणि पलीकडे उतरली, एवढंच. सकाळी दोन्ही काठांवर भट्ट्या पेटल्या की दादाचा घण तिला ऐकू यायचा, तिचा त्याला. एखाद्या दिवशी तिचा आवाज आला नाही की दुपारी वहिनी पाण्याशी येऊन हाक मारायची, "वन्सं, बरं आहे ना?"

*

आळीने कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी पाटबंधारे खात्याची इंजिनिअरबाई आली. आली ती थेट पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरली. हातातल्या काठीने तळ चाचपत वळणभर फिरली. काठावर माणसं रांगेने उभी, लग्नाला आल्यासारखी.

"भिंत बांधून द्या बाई," शिंपी वरून ओरडला. "चांगली उंच."

"भिंत बांधली तर नदी तिच्या पायाखालचं खणेल," ती म्हणाली. "मग भिंत तुमच्या घरासकट पडेल. नदीला अडवायचं नाही. नुसतं वळवायचं."

ती वर आली आणि चिखलात काठीने रेघा ओढल्या. काठातून निघून पाण्यात उतरणारे दगडांचे पाच बांध. काठाशी उंच, पुढे उतरते, टोकाला जवळजवळ तळाला टेकलेले. फार लांबही नाहीत. आणि सगळे प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे.

"ह्या तर सोंडा झाल्या," काकू म्हणाली. तेव्हापासून त्यांचं नावच सोंडा पडलं.

शिंप्याला काही ते पटेना. "पाणी वरून येणार आणि सोंडाही वरच वळवायच्या? म्हणजे नदीच्या तोंडासमोर नाक खुपसायचं?"

"पाणी दगडावरून खाली उतरतं ना, ते दगडाला आडवं उतरतं," बाई म्हणाली. "सोंड वर वळवली की उतरलेलं पाणी काठ सोडून मधे जातं. खाली वळवली तर तेच पाणी काठाच्या अंगावर येतं. पुरात या सोंडा दिसणारही नाहीत. पाण्याखाली राहून काम करतील."

टेकडीवरच्या बंद खाणीत धारदार टाकाऊ दगडांचे ढीग पडून होते. ते उचलायची परवानगी बाईने आणली होती. मोठे धोंडे बसवायला पोकलेन खात्याचं, बाकी हात आळीचे. मात्र पाणी चढायच्या आत पाचही सोंडा पुऱ्या व्हायला हव्यात. अर्धवट काम नदी आधी खाते, असं ती जाताना म्हणाली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

*

काम सुरू झालं. काकूची लेक खडीवाल्याकडे ट्रॅक्टर चालवायची. मालकाशी भांडून तिने ट्रॉली रिकाम्या वेळी आळीसाठी मागून घेतली. खाणीत माणसं पहारी घालून दगड सुटे करायची आणि पहारींची टोकं भराभर बोथट व्हायची. त्यामुळे लोहाराच्या भट्टीला उसंत नव्हती. तीन भिंतींच्या त्या खोलीत तो सांडशी धरून बसायचा, काकू टोकं घडवायची, पाण्यात बुडवायची. चर्र वाजायचं, वाफ उठायची, की पुढची पहार. मग तीच दुपारी खाणीत जाऊन पहार मारायची. संध्याकाळी बोटं वळायची नाहीत. जेवताना पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायची.

नदीतले गोल गोटे घ्यायचे नाहीत, हे बाईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गोटे गडगडतात. कोन असलेला दगड दुसऱ्या दगडात रुततो. काकू दगड फिरवून बघायची, त्याची बसकी बाजू शोधायची.

"सून बघतेस का दगड?" लोहार म्हणाला.

"सुनेला एवढं बघितलं नव्हतं तुमच्या आईने. नाहीतर मी इथं असते का?"

"ऐकू येतंय मला," खोलीतून आत्याबाई म्हणाल्या.

पहिली सोंड काठातून जेमतेम बाहेर पडली होती तेव्हा पलीकडून होडी आली. भरून. पुढे दादा उभा. काकूला आधी आनंदच झाला. तिने पदराला हात पुसले. पण होडीतल्या माणसांच्या हातात काठ्या होत्या आणि दादा तिच्याकडे बघत नव्हता. तो दगडांकडे बघत होता.

"काम थांबवा," दादा म्हणाला.

"अरे, चहा तर घे."

"चहा नको. उद्या घरी ये. चार माणसांसमोर बोलू."

ती सकाळी गेली. ज्या अंगणात ती रांगायला शिकली तिथं पलीकडच्या काठाची माणसं बसली होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. चहा आला, सगळ्यांना फिरला, तिच्यापाशी येता येता कप संपले. वहिनीने मान खाली घातली आणि ताट घेऊन आत गेली. काकू अंगणाच्या मधोमध उभी राहिली, चोरी करताना सापडलेल्या बाईसारखी.

"तू तुझं घर वाचवतेस, वाचव," दादा म्हणाला. "पण तिकडून ढकललेली नदी जाणार कुठं? आभाळात? ती माझ्या भट्टीवर येणार. ह्या सगळ्यांच्या दारात येणार."

"ती मधे जाते, दादा. बाई म्हणाली..."

"बाई म्हणाली! तुला स्वतःला ठाऊक आहे का?"

काकूने पदर खोचला. "मी विचारून येते," ती म्हणाली.

अंगण खदखदून हसलं. दादा हसला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "दगड काढेपर्यंत या दारात येऊ नकोस," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

होडीत ती पाण्याकडे बघत बसली. नावाडी वल्हं मारत होता. उतरताना फक्त म्हणाला, "काकू, मला दोन्ही काठ सारखे. पण दोन्हीकडे उतरायला जागा तेवढी राहू द्या."

*

इंजिनिअरबाई आली तेव्हा काकूने तिला दगडांपाशीच गाठलं.

"खरं सांगा. हे दगड माझ्या भावाचं घर नेतील का?"

बाईने हातातला कागद घडी करून खिशात घातला. "चुकीचे बांधले तर नेतील," ती म्हणाली. "उंच बांधले, लांब बांधले, तर नदी सरळ त्यांच्या अंगावर जाईल. तुमचा भाऊ घाबरला तर वेड्यासारखा नाही घाबरला."

"मग हे तिथं येऊन सांगा."

"सांगून कोण ऐकतं? दाखवू या."

नदी आटल्यावर मधे वाळूचं बेट उघडं पडायचं. ते ना ह्या काठाचं, ना त्या काठाचं. नावाड्याकरवी निरोप गेला आणि कुतूहलाने का होईना, पलीकडची माणसं आली. दादा सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून उभा.

बाईने फावड्याने वाळूत चर खणला, त्याला वळण दिलं आणि वरच्या बाजूने नदीचं पाणी आत घेतलं. बघता बघता बोटभर खोल, हातभर रुंद अशी लहान नदी वाहायला लागली. काकूने भट्टीतला कोळशाचा चुरा आणला होता. तो तिने वर सोडला. काळी रेघ वळणाशी आली, बाहेरच्या काठाला घासली, आणि वाळू ढासळायला लागली.

"ही आमची आळी," शिंपी म्हणाला. "आणि हा ढासळला तो मी."

"आता दगड तुम्ही लावा," बाई दादाला म्हणाली. "तुम्हाला आम्ही बांधू असं वाटतंय, तसे."

दादा घुटमळला. मग पुढे झाला, उकिडवा बसला आणि खडे रचायला लागला. कामाची सवय असलेला हात, रचायला घेतल्यावर वेडंवाकडं जमेना. त्याने चांगली उंच, लांब, आडवी भिंतच केली. चुरा सोडला. काळी रेघ भिंतीवर आपटली आणि सरळ समोरच्या काठावर गेली. समोरची वाळू धपकन पडली.

"हेच म्हणत होतो मी!" दादा ओरडला. पलीकडची माणसं एकदम बोलायला लागली. एकाने काठी उचलली.

"बरोबरच म्हणत होतात," बाई म्हणाली. "असं बांधलं तर तुमचं घर जाईल. म्हणून असं बांधायचं नाही. आता काढा ते."

उचललेली काठी खाली आली. बाईने खड्यांच्या ठेंगण्या ओळी लावल्या, वर वळलेल्या, पाण्याच्या खाली बुडतील अशा. काकूने मुठीतला चुरा सोडला.  रेघ वळणाशी आली, पहिल्या ओळीवरून उतरली, काठ सोडून आत सरकली. दुसरीवरून उतरली, आणखी आत. पुढे ती चराच्या मधोमध गेली आणि मधोमधच वाहत राहिली. ह्या काठाला लागली नाही, त्या काठालाही नाही. दोन ओळींच्या मधे पाणी मंद झालं आणि चुरा तिथं हळूहळू बसायला लागला.

दादा किती तरी वेळ बघत बसला. मग त्याने स्वतः चुरा घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला. आसपासची मोठी मोठी मिशाळ माणसं उकिडवी बसून खडे इकडचे तिकडे करू लागली. एकजण म्हणाला, "ए, सरक, माझी पाळी." आणि मग हसू फुटलं, पण ह्या वेळचं हसू काकूला बोचलं नाही.

दादा उठला. गुडघ्यांची वाळू झटकली. "खेळ वेगळा, नदी वेगळी," तो म्हणाला. "मी लोखंडाचे खुंट घडवतो. माझ्या काठाच्या कडेला ठोकतो. पावसाळ्यात एक जरी खुंट गेला तर आम्ही येऊन तुझी सोंड उपटून टाकू."

"उपटायला पहार मीच देईन," काकू म्हणाली. "धार लावून."

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण घरी ये असं तो म्हणाला नाही.

*

चार सोंडा झाल्या. उन्हाने दगड इतके तापायचे की फडकं गुंडाळल्याशिवाय हात लागायचा नाही. पोकलेन मोठाले धोंडे नदीच्या तळात खणून बसवायचं आणि माणसं त्यांच्या खाचांत लहान दगड ठोकायची. शिंपी सुई सोडून घमेलं उचलायला शिकला आणि त्याच्या खांद्याचं सालपट निघालं. काकूच्या पायावर दगड पडून अंगठ्याचं नख गेलं. ती चिंधी बांधून पुन्हा उभी राहिली.

पाचवी सोंड सगळ्यांत वरची, लोहाराच्या घरापाशी. पुराचा पहिला तडाखा तीच घेणार. बाई आली, काठावर दोरी धरली आणि दोरी ओढत ओढत भट्टीच्या खोलीत शिरली. ऐरणीपाशी थांबली.

"सोंडेचं मूळ काठात इतकं खोल गेलं पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर पाणी मागून शिरेल. सोंड पाण्यात उभी राहील आणि घर जाईल. ऐरण हलवावी लागेल. जमीन खणायचीय."

लोहाराने सांडशी खाली ठेवली. "ऐरण हलणार नाही."

"अहो..." काकू म्हणाली.

"माझ्या आज्याने रोवलीय ती. तिच्या खालचा ओंडका त्याने स्वतः पुरलाय. भिंत गेली, गेली. कोळसा गेला. ऐरण नाही." त्याचा आवाज फुटला. कंबर गेल्यापासून तो ऐरणीलाच टेकून बसायचा, तिच्यावर हात रोवून उठायचा. त्या खोलीत त्याच्या मालकीचं असं तेवढंच उरलं होतं. बाई दोरी गुंडाळून बाहेर गेली.

दोन दिवस कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोललं नाही. काम अडून राहिलं. आभाळात पश्चिमेला ढग जमायला लागले. काकू रागावली नाही. ती येता जाता नुसती ऐरणीकडे बघायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई काठी टेकत भट्टीत आल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या.

"तुझा आजा हुशार होता का रे?"

"म्हणजे काय?"

"नदीच्या मधोमध त्याने भट्टी लावली असती का?"

"नाही."

"मग आता ही नदीच आहे. त्याने आज केव्हाच उचलली असती." असं म्हणून त्या वळल्या. दारात थांबून म्हणाल्या, "माझीही खाट हलवा. ऐरणीसाठी हलते आहे, नदीला घाबरून नाही."

लोहाराने ओंडक्याभोवतीची राख हाताने बाजूला सारली. मग ऐरणीवर हात टेकून उठला, आणि तोच हात तिच्या पाठीवर फिरवून म्हणाला, "दोर आणा."

आळीतली सगळी माणसं लागली तरी ती हलेना. खालची माती खणली, पहारी घातल्या, लेकीने ट्रॅक्टरला दोर बांधला. काकूने पहारीवर सगळं अंग टाकलं. तिच्या मानेच्या शिरा टरारल्या. आधी ओंडका करकरला, मग ऐरण एका बाजूला झुकली आणि जमिनीने एक ओला उसासा सोडला. पुढच्या खोलीच्या दारापर्यंत तिला लोळवत न्यायला दिवस गेला. लोहार कंबरेवर हात ठेवून शेजारी चालत होता. "हळू. हळू रे. डावीकडे. अरे डावीकडे म्हणजे डावीकडे!" जशी काही आजारी माणसाची खाटच नेत होते.

ऐरणीच्या जागी चर खणला गेला आणि त्यात धोंडे बसले, थेट घराच्या पोटापर्यंत. शेवटच्या धोंड्याची जागा काकूने स्वतः दाखवली. जवळ जास्तीच्या दगडांचा एक ढीगही तिने घालून ठेवला. शिंपी म्हणाला, "हे कशाला?" ती म्हणाली, "असू दे. नदीला जेवायला बसवलंय, थोडं जास्तीचं हवं."

*

पाणी आलं ते गढूळ, फेसाळ, आणि एका सकाळीच काठाशी येऊन टेकलं. आधी चौथ्या सोंडेचं टोक बुडालं, मग मधला भाग, मग एकेक करून सगळ्याच नाहीशा झाल्या. एवढा उन्हाळाभराचा घाम, आणि वर काहीच दिसेना. आळीच्या तोंडचं पाणी पळालं.

"गेल्या की काय?" शिंपी पुटपुटला.

"दिसणार नाहीत असं बाई म्हणाली होती," काकू म्हणाली. पण तिचंही काळीज हललं होतं. ती पावसात उभी राहून पाण्याकडे टक लावून बघत होती. मग तिला दिसलं. जिथं सोंडा होत्या तिथं पाण्यावर घड्या पडत होत्या, आणि प्रत्येक घडीपाशी प्रवाह काठाकडे यायचं सोडून आत वळत होता. मधे नदी उसळत होती. काठाशी ती गोल गोल फिरत होती, मंद, दमल्यासारखी.

"बघा! बघा तिकडे!" तिने शिंप्याचा दंड असा धरला की तो कळवळला.

दुपारी वरून एक झाड आलं. मुळांसकट, अख्खं. ते पाचव्या सोंडेवर येऊन असं धडकलं की पायाखालची जमीन हादरली. झाड उभं झालं, उलटलं आणि निघून गेलं. पण त्याने वरचे दगड उखडले होते. सोंड काठाला मिळते तिथं पाण्याने खाच पाडली आणि ती रुंदायला लागली. जुन्या भट्टीची उरलेली जमीन भसाभस त्यात पडू लागली.

"दगड!" काकू ओरडली.

ढिगापासून खाचेपर्यंत माणसांची रांग लागली. हातातून हातात दगड जाऊ लागले. पावसाने निसरडे झालेले, बोटं ठेचणारे. काकू टोकाला, कमरेला दोर बांधून. दोराचं दुसरं टोक ऐरणीभोवती गुंडाळलेलं आणि त्यावर लोहार बसलेला, सगळ्या वजनानिशी. प्रत्येक दगड ती एकदा फिरवायची आणि खाचेत सोडायची. पहिले पाण्याने नेले. ती थांबली नाही. मग एक अडकला. त्याच्यावर दुसरा रुतला. पाणी मूळ शोधत आत घुसलं आणि जिथं ऐरण होती तिथं पुरलेल्या धोंड्यांशी येऊन थडकलं. त्यांच्यावर आपटलं, मागे फिरलं, पुन्हा आपटलं. धोंडे हलले नाहीत.

ढीग संपत आला तेव्हा खाच भरली होती. पाणी पुन्हा सोंडेवरून घडी घालून आत वळलं.

काकूने मान वर केली. पलीकडच्या काठावर, पावसाच्या पडद्याआड, डोक्यावर पोतं घेतलेला दादा दिसला. तो खुंटांपाशी उभा होता. तो वाकला, एकेका खुंटाला हात लावत काठ चालत गेला. शेवटच्यापाशी सरळ झाला. मग त्याने डोक्यावरचं पोतं काढून दोन्ही हातांनी हवेत उंच धरलं आणि वेड्यासारखं हलवायला लागला.

हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण काकूला कळलं. तिने दोन्ही हात वर केले, आणि पावसात, चिखलात, सगळ्या आळीदेखत ती मोठमोठ्याने रडली आणि हसली.

*

पाणी ओसरलं तेव्हा सोंडा एकेक करून वर आल्या, शेवाळलेल्या, काळ्या, जिथल्या तिथं. त्यांच्या मधल्या जागा गाळाने भरल्या होत्या. ज्या पाण्यात भिंत गेली तिथं आता पायाखाली जमीन होती, मऊ आणि ओली. सगळ्यांच्या आधी आत्याबाई काठी टेकत तिथं उतरल्या. घोट्यापर्यंत रुतल्या आणि ओरडल्या, "अरे, बघताय काय? मला बाहेर काढा!" इंजिनिअरबाई आली, वळणभर हिंडली, गाळ मुठीत घेऊन दाबून पाहिला. मग ती काकूजवळ येऊन उभी राहिली.  बाईचे डोळे चमकत होते.

दादा होडीने आला. ह्या वेळी एकटा. अंगणात उभा राहिला.

"बस की," काकू म्हणाली.

तो बसला. चहा आला. कप हातात धरून तो म्हणाला, "माझा एकही खुंट हलला नाही."

"बघितलं मी."

"मी तुला सगळ्यांसमोर उभं ठेवलं."

"ठेवलंस." तिने बशी त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "घर जाईल असं वाटलं तर माणूस बहिणीलाही उभं ठेवतो. मीही ठेवलं असतं. चहा गार होतोय."

त्याने एका घोटात चहा संपवला, जीभ भाजून घेतली. मग म्हणाला, "खाली आमच्याकडे एक वळण आहे. तिथं नदी शाळेच्या मागे खातेय. बाईला विचारलं, ती म्हणाली आखून देईन. पण माणसं म्हणतात, आखणी बाईची, हात घणकाकूचे. ती येणार असेल तरच पहारी उचलू."

लोहाराने आतून सांडशी ऐरणीवर वाजवली. "भाड्याने देत नाही आम्ही तिला!"

"भाऊजी, दोन महिन्यांसाठी."

"मी पण येणार मग. पहारींना टोकं कोण काढणार, तुझा बाप?"

नदी पुन्हा आटली तेव्हा ते निघाले. लोहार, लेक, शिंपी, आळीतले आणखी काही जण. वहिनी पाण्यात गुडघाभर उतरून वाट बघत उभी होती. तिने काकूचा हात धरला तो सोडलाच नाही, तशीच ओढत घरी नेलं आणि सगळ्यांच्या आधी तिला बसवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या वळणावर दोन्ही काठांची माणसं जमली. तिकडे ढासळलेल्या कडेशी वर्गाची खिडकी लोंबत होती आणि खिडकीतून मुलं बघत होती. बाईने दोऱ्या ताणून दिल्या होत्या. पहिला दगड ट्रॉलीतून उतरला आणि कुणीतरी तो उचलून पाण्याशी नेला. दादासकट सगळे वळून काकूकडे बघत राहिले.

ती पुढे झाली. साडीचा ओचा कमरेला खोचला, वाकली, दगड हातात घेऊन फिरवला आणि त्याची बसकी बाजू शोधली.

"असा," ती म्हणाली आणि दगड वाळूत रुतवला. वर टाच मारून पाहिली. हलला नाही. "आता त्याच्या शेजारी दुसरा. आणा लवकर, नदी काही आपल्यासाठी थांबणार नाही."

आणि माणसं धावली.